छत्र्यांमधली काठी

आमच्या ब्रॅम्सलो खोऱ्यात दोन मंडळींना नावं ठेवलेली कुणाला खपत नाहीत. एक आमच्या मेंढ्या आणि दुसरे आमचे लॉर्डसाहेब. म्हणजे बाहेरच्यांनी ठेवलेली खपत नाहीत. आम्ही स्वतः दोघांनाही रोज संध्याकाळी मनसोक्त नावं ठेवतो. ‘ब्लॅक रॅम’ हा आमचा पब बहुधा त्याचसाठी बांधलेला आहे.

लॉर्डसाहेबांचं पूर्ण नाव ऑसबर्ट लायोनेल सेंट जॉन, हॅवरकॉमचे पाचवे बॅरन. एवढं लांबलचक नाव असलेला माणूस नखशिखांत धुतलेला असावा, अशी आपली समजूत असते. हे गृहस्थ बारा महिने कोळशाने माखलेले. एकदा बर्मिंगहॅमहून कुणी बाई त्यांची हवेली बघायला आल्या. दारात टोपीला भोक पडलेला एक उंच काळाकुट्ट म्हातारा उभा. बाईंनी विचारलं, "काय हो, मालक आहेत का आत?" साहेब म्हणाले, "मघाशी होते. आता अंघोळ केल्याशिवाय बहीण त्यांना आत घेत नाहीय." बाई "अरेरे" म्हणाल्या आणि म्हाताऱ्याच्या हातावर बक्षिसी ठेवून गेल्या. साहेबांनी ती ठेवून घेतली आणि आठवडाभर सगळ्यांना दाखवली.

त्यांना हट्टी म्हणणं मला पटत नाही. हट्टी माणसाची समजूत घालता येते.

हॅवरकॉम घराण्याचा एकच धर्म होता, घोडा. पुरुषांनी तरुणपणी घोड्यावर बसून कोल्ह्यामागे धावायचं, मग घोडदळात जायचं, आणि शेवटी कुठल्यातरी कुंपणावरून उडी मारताना मान मोडून घ्यायची, असा शिरस्ता. चौथ्या बॅरननी आपल्या लेकालाही लहानपणीच घोड्यावर चढवलं. तेवढ्यात खालच्या रुळांवरून टेनफर्डची गाडी शिट्टी मारत आली. घोडा आणि मुलगा दोघेही उधळले. घोडा गाडीपासून लांब, मुलगा गाडीकडे. वडिलांना घोड्याचं वागणं समजलं. मुलाचं मरेपर्यंत समजलं नाही.

त्या गाडीची एक गंमत होती. रेल्वेवाल्यांनी पूर्वी जमीन मागितली, तेव्हा साहेबांच्या आजोबांनी बरंच भांडून एका अटीवर दिली होती. हवेलीखाली एक छोटं स्टेशन बांधायचं, आणि हॅवरकॉम घराण्यातल्या कुणीही हात वर केला की गाडीने तिथे थांबायचं. आजोबांनी स्वतः आयुष्यात कधी हात वर केला नाही. रेल्वेत बसणं त्यांना कमीपणाचं वाटे. नातवाने मात्र सगळी कसर भरून काढली. तो हात वर करी, गाडी थांबे, हा इंजिनाला एक प्रदक्षिणा घाली, चाकांना हात लावून बघी आणि म्हणे, "आभारी आहे. आता जा." ड्रायव्हर जे बोलत ते त्याने तिथेच पाठ केलं. पुढे पलटणीत त्याचा फार उपयोग झाला.

पलटणीतही घोडदळाला नकार देऊन ते इंजिनिअरांत गेले. घरात सुतक पाळल्यासारखं झालं. दुसऱ्या महायुद्धात साहेब इजिप्तच्या वाळवंटात होते, रूळ टाकणाऱ्या तुकडीचे कर्नल म्हणून. एके दिवशी वरून हुकूम आला: शत्रू जवळ आला आहे, इंजिन उडवून द्या आणि माघारी फिरा. साहेबांनी उलट निरोप धाडला, इंजिनावर चहाचं पाणी ठेवलंय, ते उकळलं की निघतो. मग त्यांनी ते इंजिन, मागे होते नव्हते तेवढे सगळे डबे आणि डब्यांत आपली सगळी माणसं घेऊन तोफांच्या माऱ्यातून गाडी मागे आणली. त्यात त्यांचा डावा कान गेला. त्या एकाच कृत्याबद्दल त्यांना सरकारकडून लेखी ताशेरा मिळाला आणि एक पदकही मिळालं. दोन्ही चौकटीत बसवून हवेलीच्या संडासात शेजारी शेजारी टांगलेली आहेत. गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यांच्यासमोर बसून आलेला आहे.

गेलेल्या कानाचा मात्र त्यांनी कधी शोक केला नाही. नावडता माणूस बोलायला लागला की साहेब सभ्यपणे मान वळवून डावा कान त्याच्याकडे करतात. आमचे पाद्री चर्चमध्ये प्रवचनाला उभे राहिले की पहिल्या बाकावरची ती मान वळताना सगळ्या गावाला दिसते.

लढाईहून परतले तेव्हा वडील रिवाजाप्रमाणे कुंपणावरून पडून गेले होते. हवेलीत एक बहीण, मिस लेटिस, आणि गळक्या छताखाली ठेवलेल्या बादल्या एवढाच परिवार. लग्न दोघांनीही केलं नाही. एकमेकांशी भांडायला सवड पुरत नसे. साहेबांनी मग आपल्या हुद्द्याला शोभेल असं एक काम शोधलं. ते आमच्या ब्रॅम्सलो-टेनफर्ड गाडीवर बिनपगारी फायरमन झाले. हे कुठल्याही कायद्यात बसत नव्हतं. पण स्टेशनमास्तर त्या वेळी नेमका बागेतल्या वाटाण्यांकडे बघत असे.

इंजिनाचा ड्रायव्हर आयझॅक प्रॉबर्ट. बुटका, वेल्सकडचा, दारूला न शिवणारा, रविवारी चॅपलमध्ये खणखणीत गाणारा. जमिनीवर तो साहेबांना अदबीने ‘मिलॉर्ड’ म्हणे. इंजिनाच्या पायरीवर पाय ठेवला की ‘ऑसबर्ट’. "ऑसबर्ट, हा कोळसा टाकलास की पेरलास?" "ऑसबर्ट, तुझ्या आगीपेक्षा माझ्या सासूबाई गरम आहेत." साहेब निमूटपणे फावडं मारत. दुपारी तेच फावडं धुवून, आगीवर धरून, त्याच्यावर प्रॉबर्ट डुकराच्या मांसाचे काप आणि अंडी तळी, आणि दोघं भिंतीला टेकून खात. आयुष्यात साहेबांनी मान खाली घालून कुणाचं ऐकलं असेल तर ते प्रॉबर्टचं, आणि सिग्नलमनचं.

आता काठीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

आमची लाइन एकेरी. जायला यायला एकच रूळ. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून त्या लाइनीची एक लाकडी काठी असते, हातभर लांब, वर पितळी पट्टी, पट्टीवर दोन्ही टोकांच्या स्टेशनांची नावं. एकच काठी. ती ज्या ड्रायव्हरच्या हातात तोच त्या रुळांवर जाणार. सिग्नलमनने आपल्या हाताने ड्रायव्हरला द्यायची आणि गाडी पोचली की ड्रायव्हरने किंवा त्याच्या फायरमनने ती तिकडच्या सिग्नलमनच्या हातात द्यायची. काठी नाही तर गाडी नाही. खुद्द राणीसाहेबांची गाडी आली तरी नाही. आमच्या मुलांना बाप्तिस्म्याच्या आधी हे कळतं.

त्रेसष्ट सालच्या शरदात लंडनच्या कुठल्याशा कचेरीने आमची लाइन बंद केली. शेवटच्या गाडीला सगळं खोरं लोटलं. इंजिनाला पुष्पचक्र, स्टेशनवर गावचा बँड, रडारड. गाडी ब्रॅम्सलोला पोचली तेव्हा रिवाजाप्रमाणे फायरमन काठी घेऊन सिग्नलमनकडे गेला. पण सिग्नलमन ट्रॅन्टरला त्याच दुपारी कामावरून निवृत्त करण्यात आलं होतं आणि तो बँडमध्ये आपला भलामोठा पितळी भोंगा फुंकत होता. त्याचे दोन्ही हात गुंतलेले, गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी. त्याने भुवयांनीच सांगितलं, ठेवा कुठेतरी. साहेबांनी काठी काखेत मारली, नाक पुसलं आणि घरी गेले. दरवाज्यापाशी छत्र्या ठेवायचं पिंप होतं, त्यात काठी ठेवून दिली. लाइन बंद करणारे इतके हुशार लोक, पण तिची काठी परत घ्यायचं कुणालाच सुचलं नाही.

खोऱ्यातल्या लोकांनी लगेच एक मंडळ काढलं. लाइन आम्हाला विका, आम्ही चालवतो, असा अर्ज लंडनला गेला. अध्यक्ष अर्थातच साहेब. उत्तर आलं की अर्ज विचाराधीन आहे, उन्हाळ्याच्या तोंडाला कळवू. पण त्या कचेरीत खोल्या पुष्कळ असाव्यात. एका खोलीत अर्जाचा विचार चाललेला असताना शेजारच्या खोलीने रूळ उखडायचं कंत्राट देऊन टाकलं. वसंतात टेनफर्डला एक गाडी येऊन उभी राहिली: क्रेन, मालाचे रिकामे डबे आणि पहारी घेतलेली टोळी. त्या गाडीने रुळांवरून थेट ब्रॅम्सलोपर्यंत जायचं आणि तिथून मागे येत येत रूळ उचलत आणायचे. रूळ गेले की अर्ज कशाचा? साहेबांच्या दृष्टीने प्रश्न एवढाच होता. उत्तर येईपर्यंत ती गाडी लाइनीवर चढता कामा नये.

गाडीवर ड्रायव्हर कोण, तर प्रॉबर्ट. रस्ता त्याच्या ओळखीचा, म्हणून त्यालाच धाडलेला. आणि कामाचे प्रमुख, विभागाचे अधिकारी मिस्टर क्रिचले. गोल काळी टोपी, कातरलेली मिशी आणि चेहरा असा की वाढदिवसालाही सांत्वन करावंसं वाटावं. क्रिचले सकाळी आले आणि म्हणाले, चला. प्रॉबर्ट म्हणाला, काठी?

काठी शोधायला दोन्ही स्टेशनं पालथी घालण्यात आली. ट्रॅन्टरच्या घरी माणूस गेला. ट्रॅन्टरने सांगितलं, मी भोंगा वाजवत होतो. क्रिचले काही फारसे घाबरले नाहीत. त्याचीही तरतूद नियमात होती. काठी हरवली किंवा मोडली तर एका माणसाला वाटाड्या नेमायचं, त्याच्या दंडाला लाल पट्टा बांधायचा, आणि मग तो माणूसच काठी. तो इंजिनावर चढला की गाडी जाऊ शकते.

प्रॉबर्टने संध्याकाळी ‘ब्लॅक रॅम’मध्ये फोन केला आणि साहेबांना बोलावून घेतलं. दारूच्या दुकानात त्याचा आवाज प्रथमच ऐकू आला. म्हणाला, "मिलॉर्ड, ते म्हणतायत काठी हरवली. सकाळी पट्टा बांधणार आहेत."

साहेब घरी आले आणि छत्र्यांच्या पिंपापाशी उभे राहिले. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"हरवलेली नाहीय," ते म्हणाले.

"मग जाऊन सांग की त्यांना," लेटिसबाई म्हणाल्या. "आणि बूट काढ. गालिचा आजीचा आहे."

सकाळी लेटिसबाईंच्या खटारा मोटारीतून साहेब टेनफर्डला गेले, आमच्या लाइनीच्या फलाटावर जे एकुलतं बाक आहे त्याच्यावर बसले आणि काठी मांडीवर आडवी ठेवली. समोर दहा पावलांवर इंजिन. क्रिचले लाल पट्टा हातात घेऊन येत होते ते थबकले.

"सुप्रभात, लॉर्ड हॅवरकॉम. आपल्याकडे रेल्वेची वस्तू आहे असं दिसतं."

"दिसतं ना? छान. मग हरवलेली नाही."

"ती मला द्या."

"तुम्ही कोण?"

"मी विभागाचा अधिकारी आहे."

"काठी अधिकाऱ्याला द्यायची असं कुठल्या नियमात आहे ते सांगा, ताबडतोब देतो. मी फायरमन. मी सिग्नलमनला देईन. सिग्नलमन बोलवा."

सिग्नलमन नव्हता. आमच्या लाइनीचं केबिन लाइनीबरोबरच बंद झालं होतं. क्रिचले इंजिनाकडे वळून म्हणाले, ठीक आहे, मी वाटाड्या नेमतो. त्यावर प्रॉबर्टने वरून अत्यंत दुःखी आवाजात विचारलं, "साहेब, काठी हरवलीय का?" क्रिचल्यांनी बाकाकडे पाहिलं. "मोडलीय का?" पुन्हा पाहिलं. "मग मला पट्ट्यावर कसं जाता येईल?"

क्रिचले स्वतः खालपासून वर चढलेले रेल्वेवाले. नियम त्यांनाही दुधाबरोबर पाजलेला. त्यांनी पट्टा घडी करून खिशात ठेवला.

मग पोलीस आले, म्हणजे आमचे हवालदार गिटिन्स, सायकलवरून. क्रिचल्यांचं म्हणणं, ही चोरी आहे. गिटिन्सने वही काढली आणि विचारलं, वस्तू कुणाची? रेल्वेची. मुद्देमाल सध्या कुठे आहे? रेल्वेच्या फलाटावर, रेल्वेच्या बाकावर. इथून कुणी हलवतंय का? नाही. गिटिन्सने बराच विचार करून वही मिटली. म्हणाला, "जागच्या जागी असलेल्या वस्तूची चोरी लिहायची कशी, ते मला वरून विचारून यावं लागेल." तो विचारायला गेला, तो भाजीपाल्याचं प्रदर्शन होऊन गेल्यावरच आम्हाला पुन्हा दिसला.

यात एक अडचण मात्र होती, आणि ती साहेबांच्या लक्षात पहिल्याच दुपारी आली. काठी दिसत राहायला हवी. साहेब काठीसकट उठून गेले की ती हरवली, आणि ती हरवली की पट्टा आला. बाकावर सोडून गेले तर कुणीही उचलेल. म्हणजे टोळी कामावर असेतोवर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, त्या बाकावर बसून राहायचं. वर छप्पर नाही, आणि आमच्याकडचा वसंत म्हणजे कॅलेंडरवाल्यांनी पसरवलेली अफवा आहे. टेकडीवरून गारठा उतरे, बारीक पावसाची भुरभुर कोटाच्या कॉलरीतून आत जाई. साहेब बसून राहिले. खोऱ्यातले लोक ट्रॅक्टरच्या मागच्या गाडीत बसून सोबतीला येऊ लागले. कुणी डुकराचं मांस भरलेल्या पेस्ट्र्या आणल्या, कुणी चीज आणि व्हिनेगरमधले कांदे. ट्रॅन्टर भोंगा घेऊन आला; त्याला दोन गाण्यांनंतर थांबवावं लागलं, कारण उखडणारी टोळी रडायला लागली. क्रिचल्यांनाही चहा दिला जाई. शत्रू असला म्हणून माणसाला चहाविना ठेवायचं, इतके आम्ही रानटी नाही.

साहेबांना खोकला लागला. डॉक्टरांनी बरंच काही सांगितलं, पण ते चुकून डाव्या बाजूला उभे होते. मग लेटिसबाई स्वतः विणकाम घेऊन शेजारी येऊन बसल्या.

"ऑझी, बाबा घोड्यावरून पडून गेले. त्यांचे बाबा तसेच. तू बाकावर बसून सर्दीने जाणार? घराण्याच्या दगडावर आम्ही कोरायचं काय?"

"‘उठला नाही’ असं कोरा. आणि मला जाडे मोजे दे."

"हे मोजेच चाललेत. तू काय समजलास, क्रिचल्यांसाठी विणतेय?"

त्याच दिवशी साहेबांनी बहिणीला हळूच सांगितलं की भीती पोलिसांची नाही, पावसाचीही नाही. भीती एकच. क्रिचल्यांना आपण पूर्वी कोण होतो, ते आठवता कामा नये.

कारण क्रिचले तरुणपणी सिग्नलमन होते. तेही टेनफर्डलाच, आमच्याच लाइनीच्या केबिनमध्ये.

आणि एका सकाळी त्यांना ते आठवलं. आले ते थेट केबिनपाशी गेले. डोक्यावरची गोल टोपी काढून दाराच्या खिळ्याला अडकवली, कुलूप उघडलं आणि केबिनचा जिना चढून वर गेले. खिडकीची काच सरकली. आत त्यांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या, आणि कुठूनसं एक फडकं शोधून हातात घेतलं. सिग्नलचा दांडा उघड्या हाताने धरायचा नसतो, घामाने गंजतो. इतकी वर्षं कचेरीत काढूनही हात ते विसरला नव्हता. फडकं बघितल्याबरोबर प्रॉबर्ट इंजिनाच्या बाहेर वाकला.

क्रिचले खिडकीतून म्हणाले, "फायरमन, काठी."

साहेबांची डावी बाजू केबिनकडे होती. सगळं खोरं त्या कानाकडे बघत होतं. बघण्यासारखा तो कान नाही, पण त्या क्षणी आमची सगळी लाइन त्याच्यात अडकली होती. लेटिसबाईंचे सुया चालवणारे हात थांबले.

"ऑझी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुला ऐकू आलं नाही."

"आलं," साहेब म्हणाले.

ते उठले. गुडघे कुरकुरले ते आम्हालाही ऐकू आलं. म्हणाले, "लेटिस, मी बाबांचं ऐकलं नाही, सेनापतीचं ऐकलं नाही, सरकारचं तर कधीच नाही. पण सिग्नलमन बोलला आणि फायरमनला ऐकू आलं नाही, तर पुढच्या वळणावर माणसं मरतात. ते मला जमणार नाही."

ते फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले, छाती काढून, परेडला निघाल्यासारखे. आम्हाला वाटलं, संपलं. कुणीतरी टोपी काढली. साहेबांनी काठी खिडकीत क्रिचल्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "टेनफर्ड ते ब्रॅम्सलो. सुखरूप आणली. आता ही ड्रायव्हरला तुम्ही द्यायची. तुमच्या स्वतःच्या हाताने. दुसऱ्याच्या हातून चालत नाही, माहीत आहेच तुम्हाला."

क्रिचले खाली उतरले, इंजिनापाशी गेले आणि काठी वर धरली.

प्रॉबर्टचे दोन्ही हात खिशात होते.

"प्रॉबर्ट, काठी."

"दिसतेय, साहेब."

"मग घे."

प्रॉबर्टला इंजिनावर मी कधी एका वाक्यापेक्षा जास्त बोलताना ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "ड्रायव्हरने काठी घेतली म्हणजे शब्द दिला, साहेब. की ही लाइन जशी मिळाली तशी पलीकडच्या माणसाच्या हातात देईन. तुम्हीच मला पहिल्यांदा दिली होती, या खिडकीतून, तेव्हा हे तुम्हीच सांगितलं होतं. आज तो शब्द मला देता येत नाही. खोटा शब्द देऊन मी काठी घेणार नाही. माझं नाव कामावरून काढायचं असेल तर काढा."

मग त्याने क्रिचल्यांच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं.

"ऑसबर्ट, तिथे पुतळ्यासारखा काय उभा आहेस? आग मंदावलीय. आणि वर येताना चहाचं भांडं आण."

आमचे पाचवे बॅरन पळत सुटले. पन्नाशी कधीच मागे टाकलेला, खोकणारा, नव्या मोज्यांतला माणूस, पण पळत. थोड्या वेळात फावड्यावर मांस तळल्याचा वास फलाटभर पसरला. क्रिचले काठी वर धरून उभेच होते. मग त्यांचा हात हळूहळू खाली आला. त्यांनी केबिनमध्ये जाऊन काठी तिच्या जुन्या खुंटीवर टांगली, फडकं नीट घडी करून ठेवलं आणि टेलिफोन उचलला. दुसरा ड्रायव्हर पाठवा.

दुसरा ड्रायव्हर आला. त्याने इंजिनावरच्या प्रॉबर्टचे खिशातले हात पाहिले, फलाटावरच्या आम्हाला पाहिलं, आणि आपलेही हात खिशात घातले. त्यालाही चहा दिला. मग तिसरा आला. डेपोत बातमी आधीच पोचली होती. तो येतानाच खिशात हात घालून आला. टेनफर्डच्या त्या फलाटावर पुढे खिशात हात घातलेल्या ड्रायव्हरांचं एक संमेलनच भरलं, आणि चीज कमी पडायला लागलं. शेवटी क्रेन दुसरीकडे हवी म्हणून गेली, टोळी तिच्यामागून गेली, आणि लंडनच्या पहिल्या खोलीला शेजारच्या खोलीचा पत्ता लागून तिने आमच्या अर्जाला उत्तर धाडलं.

अख्खी लाइन काही मिळाली नाही. ब्रॅम्सलोपासून हॅवरकॉमच्या छोट्या स्टेशनापर्यंतची मिळाली. पुढची टेनफर्डपर्यंतची नंतर रस्त्याने ट्रक आणून उचलून नेली. ट्रकला काठी लागत नाही. साहेब त्या दिवशी तिथे जाऊन उभे राहिले आणि प्रत्येक ट्रक निघताना डावा कान त्याच्याकडे करत राहिले. प्रॉबर्टला शिक्षा म्हणून यार्डात डबे ढकलायच्या कामावर टाकलं. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन आमच्या इंजिनावर हजर झाला आणि म्हणाला, ऑसबर्ट, ही काय आग आहे? क्रिचल्यांनी आम्हाला अजून क्षमा केलेली नाही. ते दरवर्षी येतात, रीतसर तिकीट काढतात, इंजिनाकडे पाठ करून बसतात आणि उतरल्यावर गाडी किती उशिरा सुटली ते स्टेशनमास्तरला सुनावून जातात. आम्ही त्यांना चहा देतो.

साहेब आता ऐंशीला टेकलेत. तो खोकला अजून आहे. फावडं मारू नका असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, पण डॉक्टर अजूनही चुकीच्या बाजूला उभे राहतात. आणि गाडी नसते त्या दिवशी काठी कुठे राहते? मंडळाने एकमताने ठराव करून ठेवलाय: छत्र्यांच्या पिंपात.

त्याचा प्रताप परवाच्या उन्हाळ्यात दिसला. नव्या डब्याचं उद्घाटन होतं. परगण्याचे सगळ्यात बडे गृहस्थ आले होते, तलवार आणि पिसांची टोपी घालून. गाडी खचाखच भरलेली, इंजिनाला वाफ चढलेली, ट्रॅन्टर भोंग्यासकट तयार. आणि काठी नाही. पिंपात बघितलं तर लेटिसबाईंची काळी छत्री मात्र होती. सकाळी आभाळ बघून बाई घाईत निघाल्या होत्या आणि टेकडीवरच्या चर्चला फुलं लावायला काठी टेकत गेल्या होत्या.

आमच्यातला एक तरुण उत्साही कार्यकर्ता म्हणाला की आपण लाल पट्टा बांधून वाटाड्या नेमू. साहेबांनी त्याच्याकडे चांगला कान वळवला.

"हरवलीय का काठी?"

"नाही, म्हणजे..." त्याने टेकडीकडे बोट केलं. चर्चच्या पायवाटेने एक ठिपका काठी टेकत टेकत, वाटेत प्रत्येक मेंढीशी बोलत, खाली येत होता. "ती काय. दिसतेय."

"मग थांबा."

बडे गृहस्थ तलवार सावरत पुढे आले आणि हे असं किती वेळ चालणार, असं काहीतरी विचारू लागले. साहेबांनी सभ्यपणे मान वळवली. इंजिनावर प्रॉबर्टने दोन्ही हात खिशात घातले. पाऊस भुरभुरायला लागला. गाडी वाफ सोडत उभी राहिली, माणसं डब्यांच्या खिडक्यांतून टेकडीकडे बघत राहिली.

लेटिसबाई यथावकाश फलाटावर आल्या, भिजलेल्या. सिग्नलमनने हात पुढे केला. बाईंनी काठी पोटाशी धरली.

"आधी माझी छत्री," त्या म्हणाल्या.

छत्री आणायला माणूस हवेलीवर गेला. तोवर गाडी सुटली नाही.